परसाची राखण : माटोळीच्या एका यादीवरून

आमच्या घरी माटोळीची यादी लिहून ठेवायची रीत आहे. आजोबांनी ती सुरू केली, बाबांनी चालू ठेवली आणि आता गेली काही वर्षे मी लिहिते. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी आधी सांगते : चतुर्थीला गणपतीच्या मूर्तीच्या वर लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपारीची शिपटी, केळ्यांचा घड, तवशी, चिबूड, दोडकी, तोरिंगे आणि रानातली कितीतरी फळे-फुले बांधतात. ती माटोळी. पावसाळा संपत आला की परसात आणि डोंगरावर जे जे पिकते ते सगळे तिथे एका जागी टांगलेले दिसते.

मागच्या वर्षी आमच्या मंडळाच्या बैठकीत ‘पूर्वीचा गोमंतकीय माणूस आणि निसर्ग’ असा विषय होता. पूर्वी परसात भाजी व्हायची, माकडे-मोरही यायचे, पण सगळे कसे गुण्यागोविंदाने नांदायचे, असा एकंदर सूर लागला. त्यात मीही होते. उलट पुराव्यादाखल पुढच्या बैठकीला आमच्या माटोळीच्या वह्या आणते, असे मीच उत्साहाने सांगून बसले. घरी येऊन वह्या काढल्या, नीट वाचल्या, आणि जे सांगायचे ठरवले होते ते सांगता येईना. जे सांगावे लागले ते हे असे.

वहीतल्या खुणा

आजोबांची सगळ्यात जुनी यादी १९४९ सालची आहे. साधी हिशेबाची वही, अक्षर बाळबोध, मध्येच एखादा शब्द मोडीत. प्रत्येक जिनसापुढे एक खूण आहे. ‘घ’ म्हणजे घरचे, ‘रा’ म्हणजे रानातले, ‘बा’ म्हणजे बाजारातले. तवशी, दोडकी, भेंडी, चिबूड, आंबाडे, निरफणस, नारळ, सुपारी, केळी यांच्यापुढे ‘घ’. माट्टी, कांगलां, कवंडळ, घागऱ्या, फागलां, वाघनखी यांच्यापुढे ‘रा’. ‘बा’ फार थोडे. त्या काळच्या याद्यांत ते दोन-तीन ठिकाणीच दिसते.

खुणा कशासाठी, हे मला बरीच वर्षे कळले नव्हते. मला वाटायचे आजोबांना झाडापेडांची हौस होती. पण ‘रा’ च्या ओळींपुढे अगदी कडेला बारीक अक्षरात आकडे आहेत : ‘अर्धी पायली भात’, ‘नारळ २’, ‘गूळ’. म्हणजे हा हिशेब होता. डोंगरावरून कांगलां-माट्टी घेऊन येणाऱ्या बाईला काय दिले, त्याची नोंद. रानातले आमच्या घरातले कुणी आणत नसे. आम्ही माटोळी बांधायचो, रान दुसऱ्याच्या डोक्यावरून यायचे.

आणि १९५७ च्या यादीखाली आणखी एक ओळ आहे : ‘परसाच्या राखणीबद्दल पोरास चड्डी-सदरा.’

या निबंधाचा विषय ही ओळ आहे. पण तिच्याकडे येण्यापूर्वी परस म्हणजे काय ते सांगायला हवे.

परस कसे होते

आमचे घर फोंडे महालातल्या एका गावात, डोंगराच्या पायथ्याशी. घराच्या मागची पडवी उतरली की न्हाणी. न्हाणीचे पाणी पाटाने केळींना आणि अळवाला जायचे. त्याच्या पलीकडे वाफे आणि वेलींचा माटव. मग माड-पोफळी, फणस, आंबे, त्यांच्या सावलीत मिरवेल आणि हळद. त्यानंतर काटेरी वई. वईच्या पलीकडे चढण लागायची आणि रान सुरू व्हायचे. घराकडून रानाकडे जाताना माणसाचा हात हळूहळू कमी होत जाई. जनावर उलट दिशेने येई.

पाऊस लागण्यापूर्वी दोडकी, पडवळ, कारली, तवशी, भेंडी यांच्या बिया पडायच्या. पावसाळ्यात बाजार दूर, नद्या-व्हाळ भरलेले, म्हणून मे महिन्यात पुरुमेंत भरून ठेवायचे. हा शब्द आपण पोर्तुगिजांच्या ‘प्रोव्हिमेंतु’वरून घेतला. सुकी मासळी, कोकम, मीठ, मिरच्या यांचे पुरुमेंत. आणि ताजे काय म्हणाल तर परसातले. भाद्रपदात काढलेली मोठी तवशी सुंभात बांधून वाशाला टांगली की पुढे कितीतरी दिवस टिकायची. भात कापून झाले की तांबडी भाजी, मुळा, वांगी, मिरच्या, अळसांदे. विहिरीवरून कळशीने पाणी. खत म्हणजे शेण, चुलीची राख आणि जमेल तेव्हा कुजवलेली मासळी. पानांवर किडी दिसल्या की सकाळी दंव असताना राख धुरळायची.

भाजीच्या बाबतीत गोव्यातल्या गावांची नावे आजही बियाण्यासारखी जपली जातात. आगशीची वांगी, सांत इस्तेव बेटाची सात शिरांची भेंडी, हरमलची आणि खोल्याची मिरची, मयड्याची केळी. यातल्या बहुतेकांना अलीकडच्या वर्षांत भौगोलिक मानांकनही मिळाले. सांत इस्तेवला तर शाकेचो जुंवो, म्हणजे भाजीचे बेट, असेच नाव पडले होते.

कागदांत परस कुठे दिसते

इतिहासाची आवड असलेल्या माणसाला वाटते की एवढ्या जुन्या गोष्टीचे कागद असणारच. आहेत. पण ते एका ठरावीक बाजूने पाहतात.

गार्सिया द ओर्ता या वैद्याने गोव्यातच छापून १५६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आंबा, फणस, केळी, करवंद, जांभूळ अशा आपल्या परसा-डोंगरातल्या झाडांबद्दल संवाद लिहिले. सापाच्या विषावरच्या मुळीची चर्चा करताना तो साप आणि मुंगसाच्या झुंजीकडेही वळतो. पुढे १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी राहिलेल्या लिन्शोटेन या डच माणसाने अननसाचे वर्णन केले आणि तो ब्राझीलहून पोर्तुगिजांनी आणला असे सांगितले. त्या दोन-तीन शतकांत मिरची, काजू, पपई, पेरू, बटाटा, टोमॅटो ही सगळी मंडळी समुद्र ओलांडून आपल्या वईच्या आत आली. बटाटा, पपई, काजू, कोबी, पेरू ही नावेही पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे उतरलेली. ज्या मिरचीशिवाय आपली हुमण-आमटी होत नाही ती परसातली नवी सून आहे, हे विसरायला होते.

दुसऱ्या तऱ्हेचे कागद म्हणजे हुकूम. १७३६ साली इन्क्विझिशनने जे फर्मान काढले त्यात नवख्रिस्तींच्या घरी-परसात तुळस लावायलाही बंदी होती. अनंत काकबा प्रियोळकरांनी या इतिहासावर मोलाचे काम करून ठेवले आहे, ते इच्छुकांनी जरूर पाहावे. फोंडे महाल तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हता. १७६३ नंतर तो नव्या काबिजादीत आला, म्हणून आमच्या दारची तुळस त्या फर्मानातून सुटली.

म्हणजे कागदांत मला परस भेटते ते परदेशी माणसाचे कुतूहल म्हणून किंवा सरकारी गुन्हा म्हणून. सकाळी सहा वाजता दोडक्यावर माकड आले तेव्हा कोण धावले, हे त्यात नाही. ते आजोबांच्या वहीत एका ओळीत आहे.

कोण केव्हा यायचे

गुण्यागोविंदाने नांदणे म्हणजे काय ते आता पाहू. आमच्या परसात रात्री साळिंदर यायचे आणि कणगां उकरायचे. रानडुक्कर आले तर वाफाच नांगरल्यासारखा करून जायचे. पहाटे मोर यायचे आणि नुकते वर आलेले कोंब टिपायचे. सकाळी ऊन पडले की लाल तोंडाच्या माकडांची टोळी. दिवसा कधी काळ्या तोंडाचे वानर, पण त्यांना शेंगांची आणि कोवळ्या पाल्याची ओढ जास्त. संध्याकाळी पुन्हा माकडे. माकड खाते थोडे आणि नासते फार. गालाच्या पिशव्या भरायच्या, हातात एक घ्यायचे, अर्धे टाकायचे. ज्याने सात-आठ दिवस रोज एकेक भेंडी वाढताना पाहिली आहे त्यालाच त्याचे दुःख कळेल.

मदतीला येणारेही होते. उंदीर-घुशींना धामण, मुंगूस आणि घुबड. किड्यांना बेडूक. धामण दिसली तर आजी ‘असू दे, जाईल’ म्हणायची आणि मुलांना लांब घ्यायची. नाग दिसला तर हात जोडायची आणि शेजाऱ्यांना हाक मारायची. दोन्ही खरे.

पण माकडा-डुकरांशी व्यवहार हात जोडून होत नव्हता. गोफण होती, रिकामे डबे होते, कुत्रे होते, रात्री आरोळ्या होत्या. गावात एक-दोन ठासणीच्या बंदुका होत्या आणि डुक्कर मारले तर त्याचे वाटे घरोघर जायचे. शिवेवरचा एक फणस मात्र आमच्याकडे काढत नसत. ‘तो त्यांचा’ असे म्हणायचे. लहानपणी मला ती मोठी दया वाटे. आता कळते की त्यात हिशेबही होता. लांबच्या झाडावर पोट भरले तर टोळी माटवापर्यंत उशिरा येते आणि राखणाऱ्याला तेवढा वेळ मिळतो.

राखणाऱ्याला. सगळ्या युक्त्या शेवटी तिथेच येऊन थांबतात. डबा आपोआप वाजत नाही. बुजगावण्याला माकड दोन दिवसांत ओळखते. तिथे एक माणूस लागतो, तो रोज लागतो, आणि टोळी येईल त्याच वेळी लागतो.

वहीतला पोर

आमच्या भाटात दोन मुंडकारांची घरे होती. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीत त्याच्या परवानगीने घर बांधून राहिलेले कुटुंब. त्या बदल्यात भाटाची राखण आणि सांगेल ते काम. जमीन भाटकाराची, माड भाटकाराचे, आणि भाटकाराची मर्जी फिरली तर घर उठवायची टांगती तलवार. आमचे घर काही मोठे भाटकारांचे नव्हते, थोडे माड आणि थोडी पोफळ. पण दोन घरांना धाक वाटायला तेवढे पुरेसे होते.

त्यातल्या एका घरातला थोरला मुलगा १९५७ साली सात-आठ वर्षांचा असेल. तो आज आहे. मी त्याला दादा म्हणते. वही घेऊन मी त्याच्याकडे गेले.

त्याला वाचता येत नाही, सही येते. ‘काय लिहिलंय ते वाच, बाय,’ म्हणाला. मी ती ओळ वाचली. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, ‘चड्डी मिळाली होती. सदरा काही मिळाला नाही.’

इतिहास मंडळात आपण लेखी पुरावा आणि तोंडी पुरावा यांवर कितीतरी वाद घातले आहेत. इथे माझ्या आजोबांचे अक्षर एका बाजूला आणि दादाची आठवण दुसऱ्या बाजूला. कोण बरोबर, हे ठरवण्याचे साधन माझ्याकडे नाही. पण चड्डी आणि सदरा यांतला फरक ज्याच्या अंगाला कळला असेल, तो तो विसरणार नाही असे मला वाटते.

मग त्याने राखण कशी करायची ते सांगितले. सूर्य वर यायच्या आधी पडवीच्या पायरीवर येऊन बसायचे. टोळी पूर्ण येईपर्यंत थांबायचे नाही. आधी एकच येतो, फणसावर बसून बघतो. तो खाली उतरायला लागला की त्याच क्षणी डबा वाजवायचा. आधी वाजवला तर ती सवयीची होतात, उशिरा वाजवला तर दोडकी गेली. दगड लागेल असा मारायचा नाही, जवळ पडेल असा मारायचा. लागला तर ती चिडतात आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम येतात. दहा वाजेपर्यंत हे. मग पेज. मग परत चारनंतर दिवेलागणीपर्यंत.

‘आणि शाळा?’ मी विचारले. देवळाच्या अग्रशाळेत तेव्हा एक मास्तर मराठी शाळा चालवीत.

‘शाळा दहाच्या आधीच भरायची. पोरं बांधावरून पाटी घेऊन जायची. मी इथून बघायचो.’ थोडे थांबून तो म्हणाला, ‘तुझ्या आजीने पेज कधी कमी घातली नाही हं, बाय. पण पाटीही कधी दिली नाही.’

यात राग नव्हता. म्हणून मला जास्त लागले.

नाकेबंदीची वर्षे

१९५७ ही तारीखही सहज आलेली नाही. १९५५ च्या ऑगस्टमध्ये सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि त्या सुमारास भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. सरहद्दी बंद, रेल्वे बंद. तोपर्यंत घाटावरून येणारा कांदा-बटाटा-भाजीपाला थांबला. पोर्तुगीज सरकारने मग लांबून माल आणला. हॉलंडचा बटाटा, पाकिस्तानातून तांदूळ आणि भाजी, सिलोनचा चहा.

हॉलंडच्या बटाट्याची एक गोष्ट आमच्या घरात आजी सांगायची. पिशवीत राहिलेल्या काहींना कोंब आले, ते तिने वाफ्यात पुरले. झाड चांगले वाढले. उपटून बघितले तर बटाटे सुपारीएवढे. ‘आमच्या मातीला तो मानवला नाही,’ असे ती म्हणायची, जणू एखादा जावईच.

पण बाकी परस त्या वर्षांत वाढले. वहीत १९५६ ते १९६१ च्या याद्यांत ‘घ’ च्या खुणा सगळ्यांत जास्त आहेत. बाजारात मिळेना म्हणून लोकांनी पिकवले, एवढे तर कुणीही सांगेल. पण पिकवलेले हातात यायला राखण लागते, आणि राखणीची नोंदही याच वर्षांतली आहे. नाकेबंदीत आमचे घर परसावर तरले असे आम्ही अभिमानाने सांगत आलो. त्या वाक्यात एक सात-आठ वर्षांचा मुलगा बसलेला आहे, हे आम्ही कधी सांगितले नाही.

मुक्तीनंतर

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आमच्या परसाच्या बाबतीत तीन गोष्टी घडल्या.

पहिली, सरहद्द उघडली. घाटावरून बेळगावच्या भाजीचे ट्रक यायला लागले. कोबी, फुलकोबी, गाजर, बटाटा, कांदा, पुढे पुढे भेंडी आणि दोडकीसुद्धा. आज चोर्ला किंवा अनमोड घाटात दरड कोसळली की दुसऱ्या दिवशी आपल्या बाजारात भाव चढतो, एवढे आपण त्या रस्त्यांवर टेकलो आहोत.

दुसरी, शाळा. दयानंद बांदोडकर १९६३ च्या अखेरीस पहिले मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. दादा तेव्हा मोठा झाला होता, मजुरीला लागला होता. त्याचा धाकटा भाऊ मात्र शाळेत गेला, पुढे मॅट्रिक झाला, नोकरीला लागला. राखणीला बसायला आता त्या घरात मूल नव्हते. आमच्याही घरात नव्हते. आम्ही तर आधीपासूनच शाळेत होतो.

तिसरी, कायदा. १९६४ चा कूळ कायदा आला आणि १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा आला. मुंडकाराला घरातून हुसकावणे बंद झाले आणि घर व सभोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला. राखण हे भाडे म्हणून मागण्याचा काळ संपला.

वहीत हे सगळे उतरले आहे. साठच्या दशकाच्या शेवटापासून ‘बा’ वाढत जातो. आधी भेंडी, मग दोडकी, मग चिबूड. बाजारामुळे की राखण सुटल्यामुळे? दोन्ही कारणे एकाच दशकात आली. त्यांची गाठ मला सोडवता येत नाही आणि सोडवल्याचा आव आणू नये असे वाटते. पण आईचे म्हणणे स्वच्छ आहे. ती म्हणते, ‘बी होते, पाणी होते, हौस होती. बसायला माणूस नव्हते.’ शेवटची भेंडी तिने १९८० च्या सुमारास लावली. ती अख्खी टोळीने नेली. त्या वर्षीच्या यादीत बाबांनी भेंडीपुढे आधी ‘घ’ लिहून मग खोडून ‘बा’ केले आहे.

माकडे वाढली, त्याची कारणे पुष्कळ सांगितली जातात. डोंगर कापले, खाणी आल्या, उघड्यावर कचरा आला, देवळांपाशी आणि रस्त्याकडेला लोक खायला घालू लागले. ती सगळी असतीलच. त्यात माझी एक भर आहे : दिवसा घरात माणूस राहिला नाही. मुंबईला आणि पुढे आखाताला पुरुष जात होते तेव्हाही घरात बायका, म्हातारी माणसे, मुले असायची. आता कितीतरी घरांना बाहेरून कुलूप आणि परसात पिकलेली पपई. माकडाने यावे नाही तर काय करावे? २०१६ साली मोराला शेतीला उपद्रवी ठरवावे का, अशी चर्चा गोव्यात झाली आणि देशभर गाजली. राष्ट्रीय पक्षी, त्यामुळे लोक खवळले. पण वायंगणात राबणाऱ्याला मोराचा त्रास होतो हेही खोटे नव्हते. दोन्ही बाजूंनी ‘मोर वाढले का’ हाच प्रश्न चालला होता. राखणारे कुठे गेले, हे कुणी विचारले नाही.

२०२० चे काही महिने

याचा पडताळा मला स्वतःच्या परसात मिळाला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा गोव्यात पहिले काही दिवस किराणा-भाजीची दुकानेही बंद होती. घाटावरचे ट्रक थांबले. आईने नव्वदीच्या उंबरठ्यावर पुन्हा नाकेबंदी पाहिली. ‘हॉलंडचा बटाटा कधी येतो?’ असे ती रोज विचारी आणि स्वतःच हसे.

आम्ही तांबडी भाजी, भेंडी, अळसांदे लावले. मुलगा घरून काम करत होता, सून घरी, मी निवृत्त, नातवाची शाळा बंद. सगळे घरात. आम्ही पाळ्या लावल्या. सकाळची माझी, दुपारची मुलाची, तो पडवीत संगणक घेऊन बसे. दादा वईपलीकडून सूचना करी : ‘आत्ता नको, आत्ता नको... आता वाजव.’ त्याने सांगितले म्हणून वईच्या कडेने हळद आणि सुरण लावला, मधे कारल्याचा वेल. या गोष्टी माकडे सहसा तोंडात धरत नाहीत. शिवेवरचा फणस सोडून दिला. थोडेफार गेले. पण बरेचसे हाताला लागले. कित्येक वर्षांनी माटोळीच्या यादीत भेंडी आणि दोडकीपुढे मी ‘घ’ लिहिले.

ऑक्टोबरमध्ये मुलगा-सून कामावर गेले. पुढच्या वर्षी शाळा सुरू झाली. मी एकटी किती बसणार? त्यानंतरच्या हंगामात जाळी लावली. जाळी माकडांनी वरून दाबून खाली बसवली. आता परसात हळद, सुरण, अळू आणि कडीपत्ता आहे. माकडाला जे नको ते आम्हाला मिळते.

आता काय म्हणायचे

म्हणून ‘पूर्वी माणूस निसर्गाशी एकरूप होता’ हे वाक्य मी यापुढे म्हणणार नाही. पूर्वी परस टिकले ते कुणीतरी रोज सकाळी चार तास तिथे बसत होते म्हणून. माकड मारले जात नव्हते, भाजीही जात नव्हती, या दोहोंच्या मधे एक माणूस होता. तो बऱ्याचदा लहान होता, बऱ्याचदा दुसऱ्याच्या घरचा होता, आणि त्याचे नाव यादीत नव्हते. तो शाळेत गेला आणि परस गेले. त्याने शाळेत जायला नको होते असे म्हणण्याची कुणाची हिंमत आहे?

पण दुसरी बाजूही सांगते. वईपलीकडे दादाचे परस आहे. घर आणि भोवतालची जागा आता त्याच्या नावावर आहे. पंच्याहत्तरी उलटली, तरी पहाटे पायरीवर येऊन बसतो, शेजारी डबा. त्याच्याकडे भेंडी आहे, दोडकी आहे, माटवावर तवशी आहेत. माकडे येतात, फणसावर बसून बघतात, आणि बहुतेक वेळा आमच्याकडे वळतात. राखण तीच, माणूसही तोच. फरक इतकाच की माटव त्याचा आहे. मी एकदा म्हटले, ‘दादा, अजून कंटाळा नाही आला?’ तर म्हणाला, ‘आता माझ्यासाठी बसतो ना.’

गेल्या चतुर्थीला माटोळीसाठी तवशे त्यानेच आणून दिले, वितीच्या दुप्पट लांब. मी पैसे देऊ लागले तर रागावला. यादी लिहायला बसले तेव्हा पंचाईत झाली. ‘घ’ लिहिता येईना, कारण ते आमच्या घरचे नव्हे. ‘बा’ही नव्हे. शेवटी तवशापुढे खूण केली नाही. त्याचे पूर्ण नाव लिहिले. पंचाहत्तर वर्षांच्या वह्यांत राखण करणाऱ्याचे नाव पहिल्यांदाच आले.

सभासदांना आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी जुन्या हिशेबाच्या वह्या, चतुर्थीच्या खर्चाच्या याद्या, भाटाच्या नोंदी असतील तर टाकू नका. त्यात ‘राखण’, ‘पोर’, ‘पेज’, ‘चड्डी’ असे शब्द कडेला बारीक अक्षरात कुठे सापडतात का, ते पाहा. आणि ती माणसे हयात असतील तर वही घेऊन त्यांच्याकडे जा. वहीत काय लिहिले आहे ते त्यांना वाचून दाखवा. आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दुरुस्ती असेल तर ती पेन्सिलीने का होईना, बाजूला लिहून ठेवा. मी आमच्या वहीत १९५७ च्या त्या ओळीपुढे लिहिली आहे : ‘सदरा मिळाला नाही.’